मालिका आधी दाखवावी की पुस्तक आधी हातात द्यावं?

कपाट_नंबर_सात

नमस्कार मंडळी. मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात काम करते. यंदाचं हे चोविसावं वर्ष. येत्या जूनपासून दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी एखाद्या मालिकेचा एक भाग सगळ्यांनी मिळून बघायचा, आणि ती मालिका ज्या पुस्तकावरून केली त्यातलं तेवढंच प्रकरण मोठ्यानं वाचायचं, असं ठरवलंय. कार्यकारी मंडळानं होकार दिला, पडदा मिळाला, खुर्च्या आहेत. अडलंय ते एकाच गोष्टीपाशी. आधी बघायचं की आधी वाचायचं? कुणाला हे किरकोळ वाटेल. मला वाटत नाही, आणि का ते दोन वाचकांवरून सांगते.

पहिला आठवीतला मुलगा. वडील द्राक्षबागेत मजुरीला जातात, हा शाळा सुटली की आमच्याकडे येऊन बसतो. त्यानं मोबाइलवर 'मालगुडी डेज'मधले स्वामीचे भाग बघितले आणि काउंटरवर येऊन म्हणाला, "ताई, स्वामी आहे का?" आमच्याकडे 'स्वामी' म्हटलं की एकच पुस्तक. मी रणजित देसाईंची माधवराव पेशव्यांवरची कादंबरी काढून दिली. त्यानं दोन-चार पानं चाळली आणि परत सरकवली. "ह्यो न्हाई. शाळंला जायला नगं म्हणतोय, त्यो." मग आर. के. नारायण यांच्या कादंबरीचा मराठी अनुवाद शोधून दिला.

चार दिवसांनी पुस्तक परत आलं. मी वहीत जमा करून घेतलं तरी पोरगं हलेना. टेबलाच्या कडेवर नख ओढत उभं. मग हळूच म्हणाला, "ताई, मणीनं खरं सांगितलं असंल का?"

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी शेवट सांगते. स्वामीचे दोन दोस्त, मणी आणि राजम. राजमच्या वडिलांची, पोलीस खात्यातल्या साहेबांची, बदली होते. राजम स्वामीवर रुसलेला, कारण क्रिकेटच्या सामन्याच्या वेळी स्वामी गावातच नव्हता. स्वामी पहाटे स्टेशनवर जातो. हातात अँडरसनच्या परीकथांचं पुस्तक, राजमला द्यायला. राजम बोलत नाही. गाडी हलते आणि पुस्तक कसंबसं मणीच्या हातून राजमकडे पोचतं. नंतर स्वामी मणीला विचारतो, तो मला पत्र लिहील ना? माझा पत्ता आहे का त्याच्याकडे? मणी म्हणतो, आहे. स्वामी मणीच्या तोंडाकडे बघतो, आणि इतक्या दिवसांच्या दोस्तीत पहिल्यांदाच त्याला त्या चेहऱ्यावरचं काही वाचता येत नाही. बस्स, कादंबरी तिथं संपते.

मी त्या मुलाला काही उत्तर दिलं नाही. मलाच माहीत नाही. पण मालिका बघून आलेलं पोर पुस्तकातल्या एका ओळीपाशी असं अडून बसलं, हे बघून माझा दिवस चांगला गेला. मालिका मलाही फार प्रिय आहे. शंकर नागनी १९८६ मध्ये आगुंब्याला जाऊन ती उभी केली, त्या ओल्या कौलांचा आणि लाकडी खांबांचा वास यावा अशी. सुरुवातीला आर. के. लक्ष्मण यांची चित्रं, वर एल. वैद्यनाथन यांची ती धून. मास्टर मंजुनाथचा स्वामी आणि गिरीश कार्नाडांचे वडील एका खोलीत आले की आपल्यालाच पाढे विचारतील अशी धडधड होते. पुस्तकावरून केलेल्या मालिकांत मी हिला पहिला नंबर देते.

दुसरी गोष्ट उलटी आहे. २०१२ मध्ये रमाबाई रानड्यांवरची 'उंच माझा झोका' ही मालिका सुरू झाली. रमाबाई मूळच्या देवराष्ट्र्याच्या कुर्लेकर, म्हणजे आमच्या भागातली लेक. देवराष्ट्रे म्हटलं की लोकांना यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव एवढंच आठवतं, रमाबाईंचं नाव मालिकेमुळे पुन्हा तोंडी आलं. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे त्यांचं १९१० चं पुस्तक. आमच्याकडे एकच प्रत, शिवण उसवलेली. मागणीच्या वहीत त्या महिन्यात सतरा बायकांची नावं होती! मी घरून सुई-दोरा आणून ती प्रत शिवली.

नंबर पहिला ज्यांचा लागला त्या तिसऱ्या दिवशी पुस्तक घेऊन हजर. वीस पानांच्या पुढं गेल्या नव्हत्या. म्हणाल्या, "यात ती रमा नाही. आणि हे 'स्वतः, स्वतः' म्हणजे कोण?" रमाबाई नवऱ्याचं नाव घेत नाहीत, 'स्वतः' असं लिहितात. मालिकेत विक्रम गायकवाडांचा चेहरा होता, आवाज होता. पुस्तकात फक्त 'स्वतः'. त्या बाईंना तो माणूस सापडलाच नाही. मला वाईट वाटलं ते याचं, की त्यांनी हे पुस्तक मालिकेच्या आधी वाचलं असतं तर तो 'स्वतः' त्यांनी आपल्या मनानं उभा केला असता.

तर सांगा. तुमचं कुठल्या पुस्तकाचं काय झालं? आणि मी शनिवारी आधी दिवे मालवू की आधी पुस्तक उघडू?

थेऊरचा_वाटसरू

ताई, तुम्ही त्या मुलाच्या हातात जो 'स्वामी' आधी ठेवलात, त्याच्याबद्दल मला बोलायचं आहे.

१९८७ मध्ये मी नववीत होतो. आमच्या वाड्यात तीन बिऱ्हाडं आणि टीव्ही एकाच घरी. गजानन जागीरदारांनी केलेली 'स्वामी' लागली की सगळा वाडा त्या खोलीत. रवींद्र मंकणी माधवराव, मृणाल देव रमाबाई. मृणाल तेव्हा माझ्याहून थोडीशीच मोठी असेल. पेशवेपद मिळालं तेव्हा माधवराव सोळा वर्षांचे होते हे इतिहासाच्या पुस्तकात मी पाठ केलं होतं, पण सोळा म्हणजे किती लहान हे मला मालिकेनं दाखवलं. पानिपत होऊन वर्षही सरलेलं नाही, घरात काका, दारात कर्ज. शेवटचे भाग लागले तेव्हा माझी आजी पदराआड तोंड करून बसायची. तिनं कादंबरी वाचली होती, पुढचं सगळं तिला माहीत होतं, तरीही.

मी कादंबरी नंतर वाचली, अकरावीत. प्रत्येक वाक्य मंकणींच्या आवाजात. मला याचा त्रास कधी झाला नाही. उलट त्या आवाजानं मला वाचत नेलं, नाही तर पेशवाईतली ती भारदस्त मराठी मी दहा पानांत सोडून दिली असती. म्हणून माझं मत सरळ आहे. आधी दाखवा.

एक मात्र बघा. मालिका निवडताना जुनी निवडा. जुन्या मालिकेत पैसा कमी होता, दोन खांब आणि एक पडदा म्हणजे दिवाणखाना. पण माणसं पूर्ण वाक्य बोलायची आणि समोरचा ते ऐकायचा. आताच्या ऐतिहासिक मालिकांत महाल झळाळतात, पण एक वाक्य झालं की पाच जणांचे चेहरे, प्रत्येकावर तीनदा ढोल. बोललेलं मनात उतरायला वेळच मिळत नाही. हे मी मनापासून सांगतोय, कारण मी अजून दर वेळी नवी मालिका आशेनं लावतो.

दर वर्षी १८ नोव्हेंबरच्या आसपास मी थेऊरला जातो. चिंतामणीचं दर्शन घेतो आणि मग नदीकडे, रमा-माधवांच्या स्मारकापाशी जरा बसतो. १७७२ मध्ये सत्तावीस वर्षांचा माणूस तिथं क्षयानं गेला. तिथं बसल्यावर मला दिसतात ते मंकणीच. यात काही चुकतंय असं मला वाटत नाही.

चौथी_ब

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि माझं मत वरच्या दादांच्या बरोबर उलट आहे. निदान लहान मुलांसाठी तरी. पुस्तक आधी. नेहमी पुस्तक आधी.

माझ्या वर्गात शेवटच्या तासाला भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' वाचून दाखवते. फुरसुंगीचा बनेश फेणे, सायकल, आणि तो आश्चर्य वाटलं की तोंडानं करतो तो 'ट्टॉक्'. पहिल्यांदा वाचला तेव्हा मी मुद्दाम आवाज काढला नाही. विचारलं, कसा करत असेल? एकतीस मुलं आणि एकतीस तऱ्हा. एकानं टाळूला जीभ लावून, एकीनं गालात बोट घालून, एकानं चक्क पट्टी बाकावर आपटून. पुढचा आठवडाभर वर्गात नुसतं टक टक टक. कुणाचा खरा यावर भांडणं. मला इतकं समाधान वाटलं ते सांगता येत नाही.

मग एका शनिवारी २०१७ चा सिनेमा दाखवला. अमेय वाघ छान आहे त्यात, आणि दिलीप प्रभावळकरांना भागवत म्हणून बघताना मलाच भरून आलं. पण सोमवारी वर्गात आले तर सगळ्यांचा 'ट्टॉक्' एकसारखा. अमेय वाघचा. पट्टीवालासुद्धा जीभ टाळूला लावून करायला लागला. सिनेमा वाईट नव्हता हो. पण ते एकतीस आवाज गेले ते गेले, परत आले नाहीत.

सुमीत राघवन लहानपणी दूरदर्शनवर फास्टर फेणे झाला होता, ते भाग माझ्या मोठ्या भावाच्या आठवणीत आहेत, आणि त्याचा फेणे आजही सुमीतच आहे. वाटसरू दादा, तुमच्या मंकणींसारखंच. तुम्हाला ते हवंसं वाटतं, मला पोरांसाठी नको वाटतं. त्यांना आधी त्यांचा स्वतःचा फेणे मिळू दे.

जुना_सभासद

चिमणराव आणि गुंड्याभाऊ विसरू नका. चि. वि. जोशींचं पुस्तक आमच्या घरी होतं, पण दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे आले ते काळ्या-पांढऱ्या पडद्यावर, सत्तरच्या दशकाच्या अखेरीस. एक किडकिडीत, एक धिप्पाड. पुस्तक वाचताना हसू ओठांत यायचं, पडद्यावर बघताना पोट दुखायचं. मी दोन्ही घेतलं आणि कशानं कशाचं काही बिघडलं नाही. कार्यक्रमात म्हाताऱ्यांसाठी एक शनिवार ठेवा.

रात्रपाळी_हिंजवडी

माझं उदाहरण परदेशी आहे, पण मुद्दा तोच.

'गेम ऑफ थ्रोन्स' मी आधी पुस्तकातून वाचायला घेतलं. कंपनीच्या बसमध्ये, सकाळी, हिंजवडीच्या वाहतुकीत. पहिल्या पुस्तकात नेड स्टार्कला मारतात ते प्रकरण त्याच्या धाकट्या मुलीच्या, आर्याच्या नजरेतून आहे. गर्दी आहे, ती पुतळ्याच्या पायथ्याशी चढून बसलीय, मग खाली उडी मारून धावते, आणि योरेन नावाचा माणूस तिला पकडून तिचं तोंड आपल्या अंगावर दाबून धरतो. तिला दिसत नाही, म्हणून मलाही दिसलं नाही. फक्त गर्दीचा आवाज. मी पान उलटं फिरवून पुन्हा वाचलं, कारण माझा विश्वासच बसेना. माझा स्टॉप निघून गेला. नंतर मालिकेत तेच बघितलं. तिथं तलवार खाली येताना दिसते. शॉन बीननं काम जबरदस्त केलंय, पण मला घाव दिसण्यापेक्षा न दिसणं जास्त लागलं होतं. तुमच्या मणीच्या चेहऱ्यासारखंच आहे हे, ताई.

आणि एक सावधगिरी. अपुऱ्या पुस्तकावरची मालिका घेऊ नका. हिचं पाचवं पुस्तक २०११ मध्ये आलं, मालिकाही त्याच वर्षी सुरू झाली, आणि ७३ भाग होऊन २०१९ मध्ये संपलीसुद्धा. सहावं पुस्तक अजून नाही. मी ज्या माणसांबरोबर हजारो पानं चाललो त्यांचा शेवट मला पडद्यावर घाईघाईत कळला. शेवटच्या वर्षी सहाच भाग! डेनेरिस राणीचं जे केलं ते एका भागात उरकण्यासारखं नव्हतं. पुढचं पुस्तक कधी आलं तरी मी तो शेवट डोक्यातून काढू शकणार नाही, याचा मला खरंच राग आहे.

सुचवायचं तर 'ब्योमकेश बक्षी', गुप्तहेराची मालिका. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शननं पुन्हा लावली तेव्हा मी गावी आईबाबांबरोबर सगळी बघितली. बहुतेक वेळा एक गोष्ट, एक भाग, संपलं. तुमच्या शनिवारला तेच सोयीचं.

कोलकात्याची_सून

ब्योमकेशचं नाव निघालं म्हणून लिहितेय. मी मूळची सोलापूरची, लग्न होऊन कोलकात्यात आले त्याला अठरा वर्षं झाली. सासऱ्यांच्या उशाशी शरदिंदु बंदोपाध्यायांचा जाडजूड खंड असायचा. मी त्यांना पहिल्याच महिन्यात भीत भीत सांगितलं की मी ब्योमकेश हिंदीत बघितलाय. वाटलं, नाक मुरडतील. ते म्हणाले, "रजित कपूर? तोच ब्योमकेश." बंगालीत नंतर कितीतरी जणांनी ती भूमिका केली, पण आमच्या घरात रजित कपूरची जागा कुणी घेतली नाही. बासू चॅटर्जींनी १९९३ मध्ये केलेली ती मालिका साधी होती. धोतर-कुर्ता, चहाचा पेला, नोकर पुंटीराम, के. के. रैनांनी केलेला भाबडा मित्र अजित, आणि मागे आनंद शंकर यांचं संगीत. मारामारी जवळपास नाहीच. दोन माणसं खोलीत बसून विचार करतात आणि आपण श्वास रोखून बघतो. स्वतःला डिटेक्टिव्ह म्हणवून घ्यायला त्याला आवडत नाही, तो म्हणतो मी सत्यान्वेषी. सत्यवतीचं काम आपल्या सुकन्या कुलकर्णींनी केलंय, हे मी सासरी अभिमानानं सांगते.

आता तुमच्या वाचकांना सांगण्यासारखी गोष्ट. शरदिंदुबाबू १९३८ मध्ये मुंबईला आले, बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहायला. मग सिनेमा सोडून १९५२ मध्ये पुण्यात घर करून राहिले आणि पूर्ण वेळ लिहीत बसले. म्हणजे हॅरिसन रोडवरच्या त्या घरातल्या ब्योमकेशच्या नंतरच्या कितीतरी गोष्टी पुण्यात बसून लिहिलेल्या आहेत. शिवरायांच्या काळातल्या सदाशिव नावाच्या मराठी मुलाच्या गोष्टीही त्यांनी बंगाली मुलांसाठी लिहिल्या. माझ्या मुलीला त्या मी तिच्या आजोबांकडून वाचून घेतल्या. ते बंगालीत वाचायचे आणि 'तोरणा' आला की थांबून मला विचारायचे, उच्चार बरोबर आहे ना?

मराठी वाचकांसाठी फेलूदा, हाही गुप्तहेरच, सोपा पडेल. अशोक जैन यांनी सत्यजित राय यांच्या त्या गोष्टी फार सहज मराठीत आणल्यात, भाषांतर वाचतोय असं वाटत नाही. फक्त शशी कपूर फेलूदा झाला होता तो भाग नका दाखवू. मला तो नट मनापासून आवडतो, पण फेलूदा उंच, सडपातळ, सावध. तोपर्यंत शशी कपूर अंगानं भरला होता. तिथं मात्र पुस्तकच.

आधी काय, याचं माझं उत्तर: सासऱ्यांनी आधी वाचलं, मी आधी बघितलं, आणि आम्ही दोघं एकाच माणसाबद्दल तासन्‌तास बोलत होतो. गेल्या वर्षी ते गेले. तो खंड आता माझ्या उशाशी आहे, मी अक्षर अक्षर लावून वाचतेय.

कपाट_नंबर_सात

सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. कोलकात्याची सून, तुमचं वाचून मी काउंटरवरच डोळे पुसले. शरदिंदुबाबू पुण्यात राहत होते हे मला चोवीस वर्षं पुस्तकांत काढून माहीत नव्हतं. आजच फेलूदाच्या प्रती वरच्या फळीवरून काढून समोरच्या कपाटात लावल्या.

चौथी_ब, तुमचे एकतीस आवाज माझ्या डोक्यातून जात नाहीत. तुमचं ऐकते. लहान मुलांसाठी फास्टर फेणे फक्त वाचायचा, पडदा गुंडाळून ठेवायचा. वाटसरू दादा, तुमचंही ऐकते. 'स्वामी'चे भाग मिळवायच्या मागे आहे, आणि ते आधीच दाखवणार. जुन्या सभासदांसाठी चि. वि. दिवाळीनंतर, फराळाबरोबर.

रमाबाईंचं मी ठरवून टाकलं. तिथं पुस्तक आधी. अकरा वर्षांची मुलगी लग्न होऊन येते, नवरा एकतीस वर्षांचा, नावाजलेला विद्वान. तो तिला तिचं लिहिणं-वाचणं विचारतो आणि पाटीवर अक्षरं गिरवायला बसवतो. तेवढीच पानं वाचायची. 'स्वतः' म्हणजे कोण हे सुरुवातीलाच सांगायचं आणि थोडं थांबायचं. दिवे त्यानंतर मालवायचे. ज्या बाईंनी पुस्तक परत केलं होतं त्यांना काल फोन केला. अजून सभासद आहेत, आता नातीसाठी पुस्तकं नेतात. येते म्हणाल्या.

जूनचा पहिला शनिवार मालगुडीचा. मालिकेचा भाग आधी, कारण तो मुलगा त्याच वाटेनं आला. स्टेशनवरचं शेवटचं प्रकरण मी वाचणार होते, पण आज तो आला तेव्हा त्यालाच विचारलं, वाचशील का. त्यानं मान हलवली, पुस्तक घेतलं आणि खिडकीपाशी जाऊन बसला. तासभर पुटपुटत होता. गाडी सुटते तिथपर्यंत धडाधड वाचतो, आणि मणीच्या उत्तरापाशी आला की आवाज बारीक होतो. मी म्हटलं, जरा मोठ्यानं, मागच्या रांगेपर्यंत गेलं पाहिजे. म्हणाला, "ताई, हितं मोठ्यानं न्हाई वाचायचं." आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केलं.